पंचवीस

गुरुवार, रात्रीचे साडेनऊ. उद्या म्हापशाचा बाजार.
तिजोरीमागच्या खोलीत एसीचं पाणी बादलीत टपकतंय.
हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर, मिनिटांच्या रकान्यात
मिनिटं नाहीतच. मिगेल कुलासोने
निवृत्तीच्या कितीतरी आधी तिथे एक शब्द ठेवला: नन.
पेर्पेत हसायची, मशीनरूममध्ये एक सिस्टर ठेवलीय आपण,
तीही मौनव्रतातली.

नन म्हणजे इंडेक्स सांभाळू नकोस.
पडलास तर पड, उठलास की सावकाश बांध.
तेव्हा पतसंस्थेची खाती साडेतीन हजार,
डिस्क महाग, आणि कुलासो काटकसरीचा माणूस,
पेन्सिलीच्या थोटकालाही टोपण लावायचा.

मग मागच्या महिन्यात कोर्टाजवळचा ट्रान्सफॉर्मर उडाला.
यूपीएसची बॅटरी आतून फुगलेली,
चार सेकंदसुद्धा तिने धरलं नाही.
मशीन उठलं पावणेदहाला, आणि बांधत बसलं.
खाते क्रमांकाची वाट. ठेवीच्या मुदतीची वाट.
आडनावांची वाट, ती सगळ्यात लांब:
साधे नाईक वेगळे, क्यू-वाले नाईक वेगळे,
एकाच तुळशीला पाणी घालणारे दोघे भाऊ
एक पोर्तुगीज दाखल्यातला, एक नंतरचा,
सगळ्यांना पुन्हा एका ओळीत उभं करायचं.

काउंटरवर शिवोलीची सेवेरीना दुराद,
पासबुक दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं.
भाचा आझिलोत. पैसे हवेत, आत्ता.
मी म्हटलं, पैसे आहेत, एक रुपया हललेला नाही,
फक्त त्यांच्यापर्यंत जायची वाट मोडलीय.
ती बाकावर बसली. साडेअकरा. एक.
दोन वाजता एकदाच विचारलं,
"पुता, तुज्या मशिनाक आपल्याच घरची वाट मेळना?"

उल्हासबाबांनी शेवटी खिशातून चार हजार काढून दिले,
चिठ्ठी न घेता. ते कुठल्याच फाईलमध्ये नाहीत.

आता कर्सर त्या शब्दावर. खोडतो. दहा लिहितो.
दहा मिनिटांत सगळ्या वाटा परत हव्यात
तर मशीनने आजपासून प्रत्येक पाऊल
दोनदा टाकायचं: एकदा खात्यात,
एकदा बाजूच्या वहीत, पडलंच तर म्हणून.
व्याजाची बॅच चालू आहे, डिस्कचा दिवा थांबेना.
उद्या मयड्याच्या केळीवाल्या रांगेत असतील,
शंभर-दोनशेचा भरणा, हात मोकळे नाहीत,
आणि दर एंटरला त्यांचा एकेक श्वास मी अडवणार,
एका अजून न झालेल्या अपघातासाठी.

साठ करून पाहिलं.
साठ म्हणजे सेवेरीनाला अख्खा तास. बाक लाकडी आहे.
चाळीस. मग, का ते सांगता येणार नाही, पंचवीस.
दिवा लुकलुकला, थांबला, लुकलुकला.
राहू दे.

कपाटात कुलासोची वही आहे, तिरक्या अक्षरात:
नन ठेवलं. मशीन दमतं. मागीर पळोवया.
त्याच्याखाली मी तारीख घातली आणि आकडा.
त्याला फोन करावासा वाटला. तो लिस्बनला, मुलीकडे,
तिथे अजून उजेड असेल. काय सांगणार होतो?
की तुझी सिस्टर मी काढली?

पंचवीस बरोबर की चूक, हे तपासायचा मार्ग एकच,
मशीन पडलं पाहिजे.
ते पडू नये म्हणून बॅटरी तर नवी घेतलीच,
तेव्हा बहुधा मला कधी कळणारही नाही.

उद्या बाजारातून बाकासाठी एक गादी आणतो.
पातळ चालेल.
पंचवीस मिनिटांपुरती.